तीन मिनिटांचं दगडफूल

"एका वाक्यात सांग," जिलियन म्हणाली,
"माझ्या आत्याला कळेल असं."
विद्यापीठाच्या प्रसिद्धी विभागात गालिचा फार मऊ,
खिडकीबाहेर शेफिल्डची एक टेकडी
आणि तिच्यावर कलंडलेली विटांची घरं.
माझ्या मांडीवर दोनशे चौऱ्याऐंशी पानं.

एक वाक्य मी घरून आणलं होतं.
त्यात "तथापि" दोनदा होतं.
तिनं दोन्ही काढली,
चहातल्या माश्यांसारखी, चिमटीत धरून.

चार वर्षं मी कबरस्तानं हिंडले.
गुडघ्यांखाली योगाची फाटकी चटई, हातात भिंग,
सहाशे बारा थडगी.
कुणाची पुसट तारीख, कुणाचं "लाडकी पत्नी",
आणि त्यावर राखी, करडी, हळदीच्या बोटांसारखी वर्तुळं,
वर्षाला अर्धा मिलिमीटर, घाई नाही कशाची.
पोलादाच्या भट्ट्या धडधडत होत्या तेव्हा ही मरून गेली होती.
धूर गेला, धुराबरोबर माणसांची कामं गेली,
मग ही परत आली.
नेमकी कुठून, ते पाचव्या प्रकरणात आहे
आणि पाचव्या प्रकरणात "बहुधा" फार आहे.

आईला फोनवर सांगितलं, लायकेन.
"म्हणजे?"
म्हटलं, दगडफूल.
"अगं बाई, गोड्या मसाल्यातलं?
त्यावर डॉक्टर होतात?"

पेपरात आलं बुधवारी.
"मेलेले सांगतात: हवा आता बरी आहे!"
पान सतरा, गाद्यांच्या सेलला खेटून.
माझ्या करमळकरचं करमाकर झालं होतं.
प्रोफेसर ऑल्डरसन काही बोलले नाहीत,
त्यांनी "सांगतात" भोवती फक्त
लाल पेनानं गोल केला.

शुक्रवारी रेडिओ.
तीन मिनिटांतलं सव्वा मिनिट
ट्रेव्हरच्या विनोदात गेलं,
डबा कुठं खातेस, थडग्यावर बसून?
हसले मी. ऐकणाऱ्याला हसू दिसत नाही,
म्हणून जरा मोठ्यानं हसले.

मग एक फोन.
डोरीन, वय ब्याऐंशी, आवाजात खर.
"पोरी, दर रविवारी मी ब्लीच घेऊन जाते.
अकरा वर्षं झाली.
आमचा रेग भट्टीवर होता, शेवटपर्यंत खोकत होता.
दगडावर काही उगवलं की वाटतं
लोक म्हणतील, हिला विसर पडला.
आता तू शिकलेली आहेस,
सांग, घासू की नको?"

संदर्भसूची एकोणीस पानांची होती.
ट्रेव्हरनं घड्याळाकडे बोट केलं.
"तथापि" ओठांपर्यंत आलं होतं, गिळलं.
विचारलं, "रंग कोणता असतो?"
"कस्टर्डसारखा."
"मग तिथली हवा—"
आणि हायवेवरच्या ट्रॅफिकच्या बातम्या लागल्या.

रविवारी दोन बस बदलून गेले.
ती होतीच, बादली, ब्रश, रबरी हातमोजे,
दगड धुतलेल्या ताटासारखा.
मी मागे वळसा घातला.
जिथं तिचा हात पोचत नव्हता, तिथं होतं ते,
शर्टाच्या बटणाएवढं.
तिला भिंग दिलं.
वाकायला तिला बराच वेळ लागला,
बघायला त्याहून जास्त.
"एवढंच?"
"एवढंच."
"आणि तुझी चार वर्षं?"
"चार."

मग तिनं पुढची बाजू घासली, नेहमीसारखी,
अक्षरांच्या खाचांतून जुन्या टूथब्रशनं.
मागची राहू दिली.
मी वहीत सहाशे तेरा लिहिलं,
खोडलं, प्रबंध तर जमा झाला होता,
पुन्हा लिहिलं.

सोमवारी जिलियनचा फोन.
"पुढं काही घडलं का गं? एखादा किस्सा?
आत्यालासुद्धा फार आवडलं."
म्हटलं, नाही,
विशेष काही नाही.